हसार

तीन चौकोन आहेत कागदावर:
कमी, मध्यम, जबर.
नेवझात घरात शिरतो
आणि एकावर फुली मारून बाहेर येतो.
त्राब्झोनहून आलाय, आज अकरावा दिवस,
पिवळ्या हेल्मेटखाली केस चिकटलेत,
भिंतीवर टिचकी मारून कान लावतो,
कलिंगड निवडावं तसा.

वर छापलंय: हसार.
हसार घरांना होतो. पुलांना, मोटारींना, नळांना.
माणसांना हसार होत नाही,
असं म्युझेय्यनबाई सांगतात.
एकतीस वर्षं मालात्याच्या शाळेत भाषा शिकवली त्यांनी,
आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून,
चौथी राहिलेलीच नाही,
त्याचा फॉर्म वाचतायत,
हातात लाल पेन असल्यासारखा.

"माणसाला झरार होतो," त्या म्हणतात,
"सिगारेटने, वाईट सोबतीने.
जर्दाळूच्या मोहरालाही होतो, मार्चच्या दंवाने.
झियान वेगळा. झियान म्हणजे वाया.
उतू गेलेलं दूध.
ताटात पिलाव टाकला की आई म्हणायची,
झियान नको करूस,
टाकलेला घास मागून रडत येतो."

"आणि नोक्सान?" नेवझात विचारतो,
विचारायचं म्हणून.
अजून चौदा घरं बघायचीयत.

नोक्सान मला ओळखीचा वाटतो,
आपल्या नुकसानाचा चुलतभाऊ,
पण या मुलखात राहून निवळलाय.
आरडाओरडा नाही, भरपाई मागणं नाही.
नोक्सान म्हणजे नुसता उणा.
हजेरीत एक उणा, सदऱ्याला एक बटण उणं.
मोडलेली खुर्ची नव्हे,
मांडलीच नाही ती.

कायप हा शब्द बाई वगळतात.
शाळेत किती सोपा होता:
बेद्रीचा हातमोजा कायप झाला, वाक्य पूर्ण करा.
बसस्थानकात त्या नावाची खिडकी होती,
आत छत्र्या, किल्ल्या,
एकदा तर कुणाची कवळी,
वर्ग हसून लोळला होता.
आता नगरपालिकेच्या तंबूवर तीच पाटी आहे
आणि खाली हाताने लिहिलेली यादी.
नेबाहात, वय चौसष्ट, निळा स्वेटर.
धाकटी बहीण.
नावातलं एक अक्षर चुकलं होतं, बाईंनी दुरुस्त केलं.
दुसऱ्या दिवशी नवी यादी लागली,
चूक तीच.

चहा होतो, पायरीवरच, छोट्या शेगडीवर.
सहा पेल्यांतले दोन वाचलेत,
कमरेत बारीक, काठाला सोनेरी रेघ.
नेवझात हातमोजा न काढताच उचलतो.
निसटतो.

"झरारी योक," बाई म्हणतात,
इतक्या लगेच, की बोलून झाल्यावर
त्यांनाच ऐकू येतं काय बोललो.
हानी नाही. असू दे. काही बिघडलं नाही.
चहा सांडला, कुणी पायावर पाय दिला, उसने बुडाले,
सगळ्यावर इथे हेच म्हणायची रीत.
चुलीवरून भांडं उतरवताना फडकं हाती यावं
तसं येतं ते तोंडात.

दोघं काचेकडे बघतात.
रस्त्याच्या टोकाला एक यंत्र थांबतं,
पुन्हा सुरू होतं.

"मध्यम म्हणजे नेमकं काय?" बाई विचारतात.
"पाडायचं नाही," तो म्हणतो.
"पण राहायचंही नाही. दुरुस्त होईस्तोवर."
बाई मान हलवतात,
वाक्य बरोबर आहे, अशी.

तो गुडघ्यांवर बसून तुकडे वेचतो,
हेल्मेटमध्ये ठेवतो, काठाला काठ लावून पाहतो,
सोनेरी रेघ जुळत जाते, जुळत जाते,
एका जागी थांबते.
"एक तुकडा कायप—"
आणि ओठ मिटतो.

बाई दुसरा पेला त्याच्यापुढे सरकवतात.
"नोक्सान म्हण, बाळा," त्या म्हणतात.
"एक नोक्सान."